काचेवरचं धुकं आणि आत्याचा पाळणा

वाईहून निघालो तेव्हा कृष्णाकाठ धुक्यात बुडाला होता. गाडी मात्र माझी लखलखीत! रोज सकाळी फडक्यानं पुसतो, चाकांतली हवा बघतो, वायपरच्या बाटलीत पाणी भरतो. शेजारी म्हणतात, एवढी सेवा बायकोची केली असती तर देव पावला असता. म्हणोत बापडे.

सोबत माझी म्हातारी आत्या होती. सांगलीला तिच्या नातीच्या मुलीचं बारसं होतं, आणि आत्यानं पाळणा म्हटल्याशिवाय आमच्या घरात कुठल्या पोराचं नाव ठेवलेलं नाही. या पणतीसाठी तर तिनं स्वतः कडवी जुळवली होती. लिहिता येत नाही, त्यामुळं सगळं गळ्यात. महिनाभर गहू निवडताना तेच चाललेलं. गाडीत बसल्या बसल्या तिनं पुन्हा सुरुवात केली.

साताऱ्यात चहा घेतला, बारशाच्या घरासाठी कंदी पेढे (खवा खमंग भाजून केलेले) घेतले. पण कऱ्हाडच्या पुढं धुकं असं उतरलं की उसाच्या ट्रॉल्या अगदी अंगावर आल्यावरच दिसायच्या. त्यातच समोरची काच आतून धुरकटली. पंखा पूर्ण सोडला तरी वारा कसा, तर आजाऱ्यानं फुंकर घालावी तसा. मी पुसतोय, आत्या गातेय, काच पुन्हा पांढरी. एका ट्रॉलीच्या मागं करकचून ब्रेक दाबला आणि माझं डोकंच फिरलं.

"आत्या, गाणं बंद कर बघू. तुझ्या वाफेनं काच धुरकटतेय."

"व्हय रं बाबा, गप बसते," ती म्हणाली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिच्या बाजूची काचही खाली केली. वारा नुसता झोंबत होता. समोरचं जरा दिसू लागलं तसा मला शहाणपणाचा चेव आला, आणि थंडीत गाडी कशी चालवावी यावर मी तिला व्याख्यान झोडलं. ती कानावर पदर घेऊन ऐकत राहिली.

पेठ नाक्याच्या पुढं एका गुऱ्हाळावर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा दाट पाक) मिळाली. आत्यानं द्रोण ओंजळीत धरून हात शेकले. पाळणा काही पुन्हा काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, समजलं एकदाचं.

सांगलीत दाराला तोरण, पाळण्याला फुलं, ताटात घुगऱ्या (उकडलेले हरभरे). नातीनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. आत्यानं पाळण्याची दोरी धरली, तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. खाकरून पुन्हा बघितलं. नुसती घरघर. कुणीतरी विचारलं, थंडी बाधली का? मी मान खाली घातली.

"वय झालं गं आता," आत्या कुजबुजली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

मग शेजारच्या बाईनं सगळीकडे म्हणतात तोच पाळणा म्हटला आणि मुलीचं नाव ठेवलं गेलं.

मी घुगऱ्यांचं ताट तसंच ठेवलं. उगाच काहीतरी काम हवं म्हणून बाहेर आलो, वायपरचं पाणी बघायला बॉनेट उचललं. समोरच्या काचेच्या बुडाशी जाळी असते, तिथून आतल्या पंख्याला हवा मिळते. ती झेंडूच्या सुक्या पाकळ्यांनी आणि अक्षतांनी गच्च भरली होती. खंडेनवमीला गाडीची पूजा मीच केली होती. ढीगभर फुलं वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी पाईपनं गाडी धुताना ती आत सारलीही मीच. रोज बॉनेट उघडूनही तिकडं कधी नजर गेली नव्हती; माझी पुसापुशी नुसती वरवरची. तिथं गाडीपाशी उभ्या उभ्या मला स्वतःची लाज वाटली, आणि मी बोटांनी उकरून जाळी मोकळी केली.

परतताना आत्याला सगळं सांगितलं. काच तुझ्यामुळं धुरकटत नव्हती, चूक माझीच होती, म्हणालो. घसा सुटला की फोनवर म्हण, आपण सांगलीला पाठवू, असंही म्हणालो. ती कसंनुसं हसली. बारसं काही दोनदा होत नाही, हे तिला मी काय सांगणार!

कऱ्हाडजवळ संध्याकाळी पुन्हा धुकं उतरलं. खिडक्या बंद, आत ऊब, पंख्याला भरपूर वारा. समोरची काच अगदी स्वच्छ. शेजारी बघितलं तर आत्यानं नाकातोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता. वाई येईपर्यंत तिनं तो काढला नाही.