सिस्टरांची किळस

सिस्टरांना किळस फार. ओलं फडकं दोन बोटांत धरून त्या अशा "शी!" म्हणायच्या, की वाटावं मेलेला उंदीरच उचललाय. कणीक मळताना कुणी मोबाईलला हात लावला, तर ती कणीक बाजूला काढायच्या. भाजीवाल्याची नखं बघूनच भाजी घ्यायच्या. नेवासा भागातल्या ख्रिस्ती घरातल्या त्या. तरुणपणी दवाखान्यात आया होत्या, पण लोकांनी सिस्टर म्हणायला सुरुवात केली ती कायमची. पुढं नगरात त्यांनी मेस काढली आणि मी तिथं पोळ्या लाटायला राहिले.

माझं गाव राजूरच्या वर, डोंगरात, आम्हा ठाकर आदिवासींची वाडी. सातवीत शाळा सुटली. नगरात आधी ज्या घरी कामाला होते, तिथं माझी जात कळली आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. म्हणून सिस्टरांना मी नुसतं "अकोले तालुक्यातली" एवढंच सांगितलं. कुणी "आडनाव काय गं?" विचारलं की माझ्या हातातली पोळी वाकडी व्हायची.

एकदा तापात मी अंथरुणातच ओकले. सिस्टरांनी सगळं हातानं निपटलं.

"तुमाला किळस न्हाई आली?"

"आजाऱ्याची कसली आलीय किळस? त्या भाजीवाल्याची येते. नखं बघ त्याची!"

गेल्या वर्षी शहरात एका संध्याकाळी रस्ता बंद करून नाचाचा कार्यक्रम ठेवला होता. कलाकारांचं जेवण आमच्याकडून. पुरीभाजीचे डबे पोचवून सिस्टर म्हणाल्या, "आलोच हाय तर बघू की." आम्ही गर्दीत घुसलो. घामाचा, माव्याचा वास, पायाखाली पिचकाऱ्या. स्पीकरनं बरगड्या हलत होत्या. मग 'आदिवासी नृत्य' म्हणून पुकारलं आणि सहा पोरी आल्या. अंगाला काळा रंग फासलेला, डोक्यात कोंबडीची पिसं, कमरेला प्लास्टिकची पानं. हुर्र हुर्र ओरडत, ढोलवाल्याकडं पाठ करून, समोरच्या मोबाईलपुढं कमरा हलवत होत्या. खाली वाकून वाकून बाप्ये शूटिंग घेत होते. शिट्ट्या मारत होते. त्या पोरींच्या डोळ्यांत रंग गेलेला, पाणी वाहत होतं, त्याचंही कुणी शूटिंग घेतलं.

डबे परत घ्यायला मागं गेलो, तर कार्यक्रमवाला म्हणाला, "सिस्टर, दुसऱ्या नाचाला एक पोरगी कमी पडतीय. तुमची ही चालंल. रंग लावला की कुनीबी आदिवासी दिसतंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्यात असं नाचत न्हाईत. ढोलाला पाठ दावत न्हाईत. अन् तोंडाला काळं तर कवाच फासत न्हाईत."

"आयला, ही तर असली आदिवासी निघाली! मग चढवाच हिला स्टेजवर." त्यानं माझं मनगट धरलं.

सिस्टरांनी त्याचा हात झटकला. "शी! आधी तोंड धू. मावा गळतोय."

"पुढची ऑर्डर पायजेल का नको?"

"नको. तुझ्याकडनं पाणी घ्यायची पन किळस येते मला."

डबे तिथंच राहिले. रिक्षात सिस्टर बाहेर रस्त्याकडं बघत बसल्या. कळलं होतं त्यांना सगळं. उद्या कोपऱ्यातलं ताट, नाहीतर परवा गाडी राजूरची, एवढंच मी मोजत होते.

घरी आल्यावर त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मलाही धुवायला लावले. आमटी गरम केली. भाकरी मोडून एकाच ताटात घेतली, ताट मध्ये सरकवलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"मग कसं नाचतात तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

मी घास ताटात ठेवला. रडतच उठले आणि पातेल्यांच्या मधल्या जागेत दोन फेऱ्या दाखवल्या. सिस्टर भाकरी हातात धरून मन लावून बघत होत्या. "हे बघण्यासारखं हाय," एवढंच म्हणाल्या.

थंडीत सिस्टर गेल्या. मेस बंद झाली. आता मी एका कारखान्याच्या कँटीनला आहे. नवी बाई कामाला आली की पहिल्याच दिवशी विचारते, "तुम्ही कुनाच्यातल्या?" माझ्या हातातली पोळी अजून वाकडी होते. लाटणं खाली ठेवते, तिच्याकडं बघते आणि सांगते, "ठाकराची."

मग जेवायला तिच्याशेजारीच बसते.