सतरा नंबरची तिसरी घंटी

पंचशीलाअक्काला मी एकोणीस वर्सं ओळखतो, अन् त्यातली अठरा आम्ही भांडण्यात घालवली. हुमनाबादच्या अलीकडं आमचा साखर कारखाना. मी तानाजी, वजनकाट्यावरचा कारकून, ती वायरलेसवाली. एकाच खोलीत दोन टेबलं, मधी एक पंखा. तो कुणाकडं फिरवायचा ह्यावरनं रोज सकाळी तोंडातोंडी. वर ही बाई साखर कारखान्यात बसून चहा बिनसाखरेचा पिणार! मी म्हणायचो, "अक्के, लोक खाल्ल्या मिठाला जागतात, तू साखरंला तरी जाग." ती म्हणायची, "माज्या वाटणीचं बी तुमीच जागा अण्णा, पोट दिसायलंय की."

तिचं काम सोपं वाटतं, पण करून बघा म्हणावं. मुडबीकडच्या शिवारात मोबाईल लागत न्हाई, म्हणून उसाच्या फडावर फिरणाऱ्या फिल्डमनकडं अजून वायरलेसचे सेट. दर सेटला त्याचा नंबर. अक्कानं तेवीस दाबलं की तेवीसच वाजणार, बाकीचे गप. सेट चालू असला तर घंटी पोचली म्हणून तिच्या मशिनीवर हिरवा दिवा लागतो. अन् तिकडनं कुणी बटण दाबलं की इकडं घंटी वाजून नंबर उमटतो, माणूस बोलो न बोलो. मग ती ह्याच्याशी कन्नडात, त्याच्याशी दखनीत, आमच्याशी मराठीत. भांडायचं मात्र मराठीतच.

आमच्या खोलीत एक रीत होती, अक्काच्या आधी मशिनीवर बसणाऱ्या श्रीपतरावांनी लावून दिलेली. पहिल्या घंटीला ओ द्यायची न्हाई, दुसरीला बी न्हाई. तिसरीला द्यायची. कारण काय, तर खिशात बटण दाबलं जातं, दिवसाला पन्नास फुकटच्या घंट्या येतात. पण श्रीपतरावांच्या मनात वेगळंच होतं, अन् खरं सांगू, माझ्या बी. आमच्याकडं भरदुपारी शिवारात एकदाच हाक आली तर कुणी ओ देत न्हाई. माणूस असलं तर तीनदा हाक मारतंय. ते दुसरं एकदाच मारतंय. अक्का बौद्ध. "आमच्यात भूतबीत मानत न्हाईत," म्हणून तोंडावर सांगायची. रीत मात्र पाळायची, कामाची रीत म्हणून.

सतरा नंबर तिच्या धाकट्या भावाचा, विलासचा. मुडबी भाग त्याच्याकडं होता. दोन वर्सांमागं, ऐन हंगामात, दुपारी बाराच्या पुढं सतरा वाजला. परत वाजला. अक्का हात पुढं करून तिसरीची वाट बघत बसली. तिसरी आलीच न्हाई. "खिशात दाबलं असंल," असं मीच म्हणलो, अन् आम्ही जेवायला बसलो. दिवस मावळताना विलास सापडला, मुडबीच्या आडवाटेवरच्या उघड्या विहिरीत, मोटरसायकलीसकट. सेट गाळात गेला तो गेलाच.

अक्का आठव्या दिवशी कामावर आली. यादीतलं सतराच्या पुढचं नाव तिनं कुणाला खोडू दिलं न्हाई, नंबर बी कुणाला दिला न्हाई.

ह्या हंगामात विलासच्या जागेवर नेत्रावती नावाची पोरगी आली. सेट दुरुस्त करणाऱ्या गुरुबसवानं तिला नवा सेट दिला, वर तेहेतीसची चिठ्ठी डकवून. पहिल्याच सकाळी अक्कानं चारदा तेहेतीस दाबला. दिवाच लागंना. "आजकालची पोरं! सेट बंद ठेवून फिरायलीत," म्हणून मी तोंडसुख घेतलं.

बारा वाजून गेलते. मी भाकरी मोडली अन् घंटी वाजली. बघतो तर मशिनीवर सतरा.

घास हातातच राहिला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मशिनीतनं खरखर आली, अन् तिच्या मागं पाणी ठिबकल्यासारखं काहीतरी. बोलणं न्हाई. मग ते बी बंद झालं. गुरुबसव दारात उभा होता, त्याचं तोंड पांढरंफटक. "अण्णा, तो सेट तर गाळात हाय," म्हणला.

अक्काचा हात पुढं गेला. मी तिचं मनगट धरलं. "अक्के, ओ देऊ नको. एकच हाय."

"तवा बी तुमीच बोलला होताव," ती म्हणली. "हात सोडा अण्णा."

मी सोडला.

"सतरा, बोल. अक्का हाय मी." काही न्हाई. मग तिनं सतरा दाबला. दोन वर्सं गाळात पडलेला सेट, अन् हिरवा दिवा लागला! देवाशपथ सांगतो, पळून जावंसं वाटलं; पाय उचलंनात म्हणून थांबलो.

मुडबीच्या अंगाला आमच्या ड्रायव्हर रेवणसिद्धप्पाची जीप होती, तिच्यात बी एक सेट. अक्कानं त्याला सांगितलं, "त्या विहिरीवर जा." कोणत्या, ते त्यानं विचारलं न्हाई. इकडं ही सतरा दाबायली, दिवा लागायलाय, परत दाबायली. पाव तास असाच गेला. मग जीपवरनं आवाज आला, अगदी हळू.

"अक्का... विहिरीत घंटी वाजायलीय."

"वाकून बघ."

"मी न्हाई बघत अक्का. मला लेकरं हाईत."

"बघ अप्पा, पाया पडते तुज्या."

अक्कानं परत सतरा दाबला. मग तो वरडलाच, "नेत्रावती हाय! पाण्याच्या वर, पायरीवर पडलीय. जित्ती हाय अक्का, जित्ती हाय!"

संध्याकाळी गुरुबसवानं कपाळ बडवून घेतलं. मुडबीचा सेट म्हणून लॅपटॉपातली मुडबीची जुनी फाईल त्यानं तशीच नव्या सेटात भरली होती. वर चिठ्ठी तेहेतीसची, आत नंबर विलासचा. घ्या, हे आमचं भूत! मी मोठमोठ्यानं हसलो, अन् हसता हसता लाज वाटली. तीच आडवाट, तीच विहीर. दोन वर्सांत तिला कठडा बांधा म्हणून एक अर्ज द्यायला सुद्धा आम्हाला सवड झाली न्हाई, मला धरून.

चौथ्या दिवशी नेत्रावती हाताला प्लास्टर घालून अक्काला भेटायला आली. पाया पडली अन् म्हणली, "अक्का, तीनदा दाबायचं म्हणून मला शिकवलं होतं. पण एकदाच दाबलं अन् माझी शुद्ध गेली. तुमी एकाच घंटीला ओ कशी दिली?"

अक्कानं उठून पंखा माझ्याकडं फिरवला. एकोणीस वर्सांत पहिल्यांदा. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणली,

"दोन आधीच आलत्या, माय. मी तिसरीसाठीच बसले होते."