गाडीच्या आतला बदामी रंग

दर दसऱ्याला गाडी धुतली की डॅशबोर्डाला आणि दरवाजांच्या आतल्या पट्ट्यांना मी खोबरेल तेल चोळायचो, आणि ही गोष्ट मी रंग देणाऱ्या मित्रापासून लपवली. माझा मूर्खपणा एवढाच. बाकी जे झालं ते त्यानं केलं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

तेल मी एकटाच चोळत होतो असंही नाही. आमच्या युसूफ वडगावात हार घालण्याआधी ट्रॅक्टरपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांवरून तेलाचा हात फिरतो. चकाकी चार दिवस टिकते, तेवढ्यात फोटो निघतात. उरलेलं वर्षभर ऊन आपलं काम करतं. माझ्या गाडीचं आतलं प्लास्टिक असं विटलं होतं की हात लावला तर बोटाला पांढरट भुकटी यायची.

लेकीच्या लग्नात तलवाड्याच्या माझ्या व्याह्यांनी ती भुकटी बोटावर घेऊन चार माणसांत दाखवली. "इवाई, गाडी राखंत लोळविली काय?"

आता मी गप्प बसावं ना! "आवो, ह्यो मूळचाच रंग हाय," म्हणालो. मांडवभर हशा. पुढे काही महिन्यांनी लेक आईला फोनवर म्हणाली, सासरी अजून त्यावरून हसतात. अधिकमास तोंडावर आला होता. धोंड्याच्या जेवणासाठी लेक-जावयाला आणायला मलाच जायचं होतं. लेकीनं त्या गाडीत मान वर करून बसावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी तेलगावला गेलो. तिथं माझा शाळेपासूनचा मित्र गाड्यांची रंगकामं करतो. माझ्या लेकीला त्यानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहे. ती त्याला काका म्हणते.

हात मात्र कसबी. त्यानं मागच्या सीटखालची, ऊन कधीच न लागलेली एक पट्टी उचकटून काढली, आणि गाडीचा खरा रंग बाहेर आला. बदामी! इतकी वर्षं मी तिला राखाडीच समजत होतो. मग त्यानं थेंब थेंब रंग एकमेकांत मिसळले, पुठ्ठ्यावर ओढले, वाळू दिले आणि पट्टीशेजारी धरून पाहिले. "वल्ला रंग खोटं बोलतो," तो म्हणाला. "वाळल्याबगर इश्वास ठिवायचा न्हाई." सातव्या पुठ्ठ्याला कोणता रंग जुना आणि कोणता नवा, हे मला ओळखता येईना.

मग त्यानं विचारलं, "तेलबिल चोळलंतं का बे कदी?"

"छ्या! आपुन काय अडाणी हाव का?"

त्यानं नुसतं 'हं' केलं. प्लास्टिकवर रंग धरून ठेवायला आधी वेगळा प्रायमर लागतो आणि तो इकडे मिळत नाही, असं तो म्हणाला. मी ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून पुण्याहून डबा मागवला आणि त्याच्या हातात नेऊन दिला. तिसऱ्या दिवशी गाडी ताब्यात आली. दार उघडलं आणि चपला काढून आत बसावं की काय असं झालं. मी त्याला मिठी मारली. ती मिठी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तलवाड्याहून निघालो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. जावई पांढऱ्या कपड्यांत माझ्या शेजारी, लेक मागं. गाडी वेशीबाहेर पडायच्या आत मी सुरू झालो. "पाव्हणं, हात फिरवून बगा. कंपनीतबी असला रंग हुत न्हाई." ते संकोचले. मी सोडतोय होय! माजलगाव येईपर्यंत तीनदा आग्रह केला. चौथ्यांदा त्यांनी सासऱ्याचा मान म्हणून कोपर दरवाजाच्या पट्टीवर टेकवलं आणि तिथंच राहू दिलं.

थोड्या वेळानं ते हात उचलायला गेले, तर दुधावरची साय यावी तसा रंग बाहीबरोबर वर आला. खाली तेच पांढरट प्लास्टिक.

"असू द्या, असू द्या," म्हणत ते खिडकीबाहेर बघू लागले. ओठ मात्र दाबून धरले होते. मी आरशात पाहिलं. लेकीच्या बाजूच्या दारावरही एक पापुद्रा लोंबत होता. तिनं हळूच त्यावर पदर ओढला आणि घर येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तेलगाव गाठलं. दुकानासमोर एका पुढाऱ्याची उंच गाडी उभी होती, आतून नवी कोरी. तिच्या चाकाशी माझा पुण्याचा डबा आडवा पडलेला. रिकामा.

"ह्यो माझा प्रायमर?"

"तुजाच," तो म्हणाला. लाजलासुद्धा नाही.

"मग माझ्या गाडीला काय लावलं?"

"रंग."

"कावून बे? आसं कावून केलं?"

"तुजी गाडी हाय का येणी घातलेली बाई? दार उघडलं की खोबरेलाचा वास. त्या तेलावर प्रायमरबी टिकला नसता. तेल काढायला दोन दिस घासावं लागलं असतं, अन् पुढाऱ्याचा माणूस दारात बसलता. चांगला डबा वाया घालवू व्हय?"

"मला सांगायचं तरी!"

"तू सांगितलंस का मला?"

मी आवाज चढवला. "पोरगी बसणार हाय म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

तेव्हा पहिल्यांदा त्याची नजर खाली गेली. "धोंडा होऊस्तोर टिकंल आसं वाटलं," तो पुटपुटला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. रंग किती दिवस तग धरेल याचा अंदाज बांधून, माझ्या गाडीचा डबा दुसऱ्याच्या गाडीत रिता करून, त्यानं मला मिठी मारू दिली होती. त्यानं चहा मागवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्याकडचा चहा तसाच ठेवून उठलो.

घरी लेक आईबरोबर धोंड्यांचं पुरण वाटत होती. मी उंबऱ्यातच बसलो आणि सगळं सांगून टाकलं: रिकामा डबा, पुढाऱ्याची गाडी, काकाचं तोंड. पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणालो, "त्याच्यापायी तुजी मान खाली गेली गं. तुला सोडायला येस्तोर दुसऱ्याकडून रंगवून घेतो."

तिनं हातावरचं पुरण निपटलं.

"आप्पा, गाडीची लाज मला कदीच वाटली न्हाई. तुमी लई बोलताव, त्याची वाटती. सोडायला येताना रंग नका देऊ, फकस्त गप बसा."