दोन खाचांचा नोझल

गाडीतून काढलेला जुना भाग भंगारवाल्याला देताना, तो पुढे कुठे जातो हे तुम्ही कधी विचारलंत? नाही ना? मोरोक्कोतल्या ताझा गावच्या यामनानेही विचारलं नव्हतं. आणि यामना काही भोळी बाई नव्हे.

नवरा कद्दूर गेला, मागे एक जुनी डिझेल टॅक्सी राहिली आणि ती हाकणारा बुअझ्झा. चौदा वर्षं ताझा ते ग्वेर्सिफ रस्त्यावर तोच. कमाई निम्मी-निम्मी, दुरुस्ती मालकिणीची. आणि दुरुस्तीला अंत नाही! आज क्लच, उद्या पाण्याचा पंप, परवा हीटर प्लग. स्टँडवरचे रिकामटेकडे तिचे कान भरायचे, "मावशी, बाई बघून मिस्त्री आणि ड्रायव्हर दोघं मिळून खातात हो."

मग तिने नियम केला. काढलेला भाग तिच्या दारात आलाच पाहिजे. आला की कद्दूरची कानस घेऊन ती त्यावर दोन खाचा मारी, म्हणजे तोच भाग दुसऱ्यांदा दाखवायची कुणाची छाती होऊ नये. गुरुवारी गाढवगाडीवर भंगारवाला येई. त्याला सगळं देऊन चहासाखरेचं निघे.

रमजानमध्ये इंजिनात डिझेल फवारणारा एक नोझल बदलला. उन्हाळ्यात दुसरा. तीन आठवडे झाले नाहीत तोच गाडी पुन्हा काळा धूर ओकायला लागली, चढावर माणसं उतरवायची पाळी. तिसऱ्यांदा खर्च. बुअझ्झाने काढलेला नोझल फडक्यात गुंडाळून आणून दिला. यामनाने काजळी पुसली.

दोन खाचा. तिच्याच हातच्या.

ती तशीच चपला घालून स्टँडवर गेली. पुढे दोन, मागे चार असे सहा उतारू बसून गाडी सुटायच्या बेतात होती.

"चोरा! रमजानमधलाच नोझल मला परत दाखवतोस?"

"मालकीण, जिलाली मिस्त्रीने माझ्यासमोर काढला, मी आणला."

"चौदा वर्षं खाल्लंस ते पुरलं नाही?"

बुअझ्झा खाली उतरला. उतारूंचे पैसे ज्याचे त्याला परत केले. किल्ली बॉनेटवर ठेवली आणि चालता झाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

यामना तडक जिलालीच्या गॅरेजात गेली आणि खाचांच्या नोझलचा जाब विचारला. तो गाडीखालूनच बोलला, "नवा नऊशे दिऱ्हमचा. 'स्वस्तातला घाल' हा कुणाचा हुकूम? म्हणून उन्हाळ्यात मी जुन्या बाजारातून दीडशेचा आणून घातला."

"कुणाकडून?"

"पुलाखाली गोणपाट पसरून बसतो त्याच्याकडून."

पुलाखाली ती गेली. गोणपाटावर सामान मांडलेलं, डिझेलने धुऊन लख्ख. तिचा पाण्याचा पंप. तिचे हीटर प्लग. प्रत्येकावर दोन खाचा. आणि मागे तेच गाढव, तीच गाडी.

तिने आपलाच मेलेला नोझल दहा दिऱ्हमला विकून दीडशेला विकत घेतला होता! बुअझ्झाने एक पैसा खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच मालकाच्या गाडीवर दिसला. यामना त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पुढच्या दोन्ही जागांचे पैसे दिले, मध्ये कुणी नको म्हणून. अर्ध्या रस्त्यात ती मागच्या चौघांना ऐकू जाईल अशी बोलली. चारचौघांत चोर म्हटलं होतं, माफी कानात कशी मागायची?

"बाबा, चूक माझी. चोर तू नव्हेस. किल्ली घे."

मागून एक म्हातारा म्हणाला, "घे रे, बाई एवढी म्हणतेय."

बुअझ्झाची नजर रस्त्यावरच. "मावशी, खिडकी लावून घ्या. धूळ येतेय."

चौदा वर्षांत तो तिला पहिल्यांदाच मावशी म्हणाला. मालकीण नाही.

ग्वेर्सिफला ती उतरली. तिची गाडी बहुतेक दिवस तिच्या दारातच उभी असते. नवा ड्रायव्हर महिनाभर टिकत नाही.

एवढं करा. भंगारवाल्याची हाक आली की आधी घरातला हातोडा काढा, जुना भाग पार चेचून काढा, मगच त्याच्या गाडीत टाका. आणि कुणाला चोर म्हणायला स्टँडवर निघाला असाल, तर आधी पुलाखाली एक चक्कर मारून या.