दाराजवळची खुर्ची

खिल्लारे मॅडमच्या खोलीतून माझ्या दुकानात कधी एक चिठ्ठी आली नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची पहिली तक्रार. हिंगोलीत सरकारी दवाखान्यासमोर माझं मेडिकल आहे. फाटकातून माणूस बाहेर पडलं की त्याच्या हातातला कागद मला रस्त्याच्या अल्याडून ओळखू येतो. पण या बाईंकडची माणसं मोकळ्या हातांनी यायची आणि दुकानाकडं न बघता सरळ ऑटोत बसायची. गोळी नाही, सुई नाही, सलाईन नाही, आणि बाईंना महिन्याला पगार. सरकारला पैसे जास्त झालेत, असं मी गिऱ्हाइकांना सांगतही असे.

गोळ्या लिहून देणारे मनोविकाराचे डॉक्टर वेगळे होते, ते अधूनमधून नांदेडहून येत. सुनीता खिल्लारे मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या. ज्यांच्यावर काही भयंकर गुदरलंय अशा माणसांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, हे त्यांचं काम. लोक त्यांना 'येड्याची मॅडम' म्हणत. एकदा दुकानात एक म्हातारा मला विचारत होता, येड्याची मॅडम कुठं बसती म्हणून, आणि त्या नेमक्या त्याच्या मागंच उभ्या. मला घाम फुटला. त्या म्हणाल्या, "माझ्यासंगं चला बाबा, मी तिकडंच चालले," आणि त्याचा हात धरून रस्ता ओलांडून घेऊन गेल्या.

माझ्याकडून त्या एकच वस्तू घ्यायच्या, ओआरएसची पाकिटं. तीही स्वतःच्या पर्समधून पैसे काढून. मला राहवेना. तुमच्याकडं काय जुलाबाचे पेशंट येतात का, असं मी विचारलंच. तर म्हणाल्या, "रडून रडून माणूस सुकतंय दादा. पाणी पाजल्याबिगर त्याला घरी कसं धाडावं?"

एकदा तीच पाकिटं द्यायला मी त्यांच्या खोलीत गेलो. पूर्वी तिथं मोडक्या खाटा ठेवत. एक खिडकी, तीही न उघडणारी, आणि दोन खुर्च्या. दाराजवळच्या खुर्चीवर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः आत कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसल्या. मी म्हटलं, साहेब लोक टेबल मधी घालून बसतात, तुम्ही काहून अशा कोपऱ्यात? त्यावर त्यांनी सांगितलं, "घाबरलेल्या माणसाला दार जवळ लागतंय. उठून जाता येतंय म्हटल्यावर ते बसतंय." आणि खरंच उठून गेलं तर? "जाऊ द्यायचं. घाई कोणाला हाय?"

'घाई कोणाला हाय' हे त्यांचं दिवसातून दहादा चालायचं. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला ते ऐकून चीड यायची. कधी संध्याकाळी त्या दुकानात येऊन नुसत्या स्टुलावर बसत. "आज माझंच भरलं दादा, जरा बसू द्या," म्हणत आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत राहत. मी चहा सांगायचो. दिवसभर लोकांचं ऐकून या बाई कुणाला सांगत असतील, असा विचार तेव्हा माझ्या मनात येऊन जायचा, पण विचारलं कधी नाही.

मग एका मे महिन्यात माझी मयूरी गेली. आमची एकुलती एक. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसला. शोभा, माझी बायको, तिला ओढायला गेली तर तीही फेकली गेली. मी दुकानात होतो. यापुढं माझ्याच्यानं लिहवत नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की लोक भेटायला येतात. चांगली रीत आहे, तिला नावं ठेववत नाहीत. पण येणारी प्रत्येक बाई शोभाच्या गळ्यात पडायची, रडायची, डोळे पुसायची आणि विचारायची, कसं झालं गं माय? मग शोभा पहिल्यापासून सांगायची. ती सांगत असताना पुढचे सवाल तयार असत. पायात चप्पल नव्हती का? बटन बंद केलं नव्हतं का? तू कुठं होतीस मग? आमच्या गावाहून, कुरुंद्याहून, टेम्पो भरून पाव्हणे येत होते. गोष्ट अर्ध्यावर आली की नवीन टेम्पो यायचा आणि शोभा पुन्हा पाण्याच्या पाईपापासून सुरू करायची.

चार-पाच दिवसांत ती शाळेतल्या पोरीसारखं पाठ म्हणायला लागली. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. झटका बसलेला उजवा हात ती पदरात गुंडाळून ठेवायची, आणि 'मी ओढायला गेले' इथं आली की तो हात आपोआप पुढं जायचा. झोप नाही, अन्न नाही. ही बाई आपल्या हातची जाते, हे मला दिसत होतं. पण भेटायला येणाऱ्या माणसांना येऊ नका कसं म्हणायचं? माझी पोरगी गेलेली, डोकं चालत नव्हतं.

अशात खिल्लारे मॅडम आल्या. आत शोभाजवळ जरा वेळ बसल्या. एका बाईचं विचारणं आणि शोभाचं सांगणं त्यांनी ऐकलं. मग बाहेर येऊन, काय झालं ते मला हळू आवाजात विचारून घेतलं, ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि सरळ आमच्या दारात टाकून बसल्या. पुढची बाई पायरीवर आली तशी तिला म्हणाल्या, "कसं झालं ते मला विचारा मावशी. मयूरी कूलरात पाणी भरत होती. त्याच्यात करंट उतरल्याला कोणालाच माहीत नव्हता. आई ओढायला गेली, तिलाबी झटका बसला. दवाखान्यात नेलं, पण पोरगी गेली. आता आत जाऊन वहिनीजवळ बसा, हात धरा, रडा. पण विचारू नका."

माझी आत्या भडकली. दुःख सांगितल्यानं हलकं होतं, ही कोण मधी बसणारी, असं म्हणत तिनं मला कोपऱ्यात ओढलं आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती गप्प झाली. तसलं गप्प होणं कशाचं असतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मॅडमना तर कळलंच असणार. त्या जागच्या हलल्या नाहीत. दहाव्या-तेराव्यापर्यंत रजा टाकून रोज आल्या आणि प्रत्येकाला तेच, तेवढंच सांगत राहिल्या. त्यांच्या पहिल्याच दिवशी दुपारी शोभा भिंतीला टेकल्या टेकल्या झोपली. माझ्या डोळ्यांना धार लागली ती तेव्हा, मयूरी गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढं कधीतरी दुकानात मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला पुस्तकात शिकवलं का? त्या हसल्या. मग सांगितलं ते असं. त्या कळमनुरीच्या. वडील विहिरीच्या कामावर मजुरीला जात. मॅडम लहान असतानाच ते दरड कोसळून गेले. आई, कौसाबाई, त्या वेळी कामावरच होती, टोपलं उचलायला. घरी जो येई तो तिला विचारी. तिनं इतक्यांदा सांगितलं की शेजारच्या पोरांनाही ते तोंडपाठ झालं. पुढं कौसाबाईनं नवऱ्याचं नावच कधी काढलं नाही, मरण्याचं नाही आणि जगण्याचंही नाही. माझा बाप कसा हसायचा, एवढं एकदा आईकडून ऐकायचं होतं, म्हणाल्या. "सांगितल्यानं हलकं वाटतंय, बराबर हाय दादा. पण ज्याला सांगावं वाटलं त्याला. ज्याच्याकडून वरबाडून घेतलं त्याची तकलीफ वाढतीय."

शोभाचा उजवा हात काही पदरातून बाहेर येईना. शिरा ठीक आहेत, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. पण ती गॅसपुढं उभी राहीना, भाकरी तर नाहीच. आम्ही मेसचे डबे खात होतो. शेवटी ती मॅडमच्या खोलीत जायला लागली. मी बाहेर बाकावर बसायचो. सुरुवातीला ती लगेच उठून बाहेर यायची. मॅडम कधी तिच्यामागं आल्या नाहीत. हळूहळू बसायला लागली. काय बोलता, म्हणून मी घरी विचारायचो. तर मयूरीला केस विंचरून घ्यायचा कसा कंटाळा होता, मैत्रिणीशी कशावरून भांडली होती, असलं काहीबाही. मी वैतागून एक दिवस मॅडमशी भांडलो. एवढे महिने झाले, मूळ गोष्टीला तुम्ही हातच घालत नाही, हे कसलं काम, असं बरंच बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाई कोणाला हाय? तुमाला, का वहिनीला?" मी बाकावर जाऊन बसलो.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस मॅडमनी दार उघडून मलाच आत बोलावलं. वहिनीला तुम्हाला काही सांगायचंय, म्हणाल्या, आणि मला खाली सतरंजीवर बसवलं. शोभा दाराजवळच्या खुर्चीत. एकदा तिनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, मयूरीनं मला हाक मारली होती. आई, पाईप धर गं. माझी भाकर तव्यावर होती. मी म्हणले, थांब, एवढी भाजून येते. भाकर पलटली, फुगू दिली, आणि मग गेले.

इतक्या माणसांना तिनं ते सगळं सांगितलं होतं, पण हे कुणालाच नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझ्या तोंडून तेव्हा काय निघालं असतं कोण जाणे.

मॅडमनी विचारलं, "हाक कशी होती? घाबरल्याली?"

"न्हाई," शोभा म्हणाली. "रोजच्यासारखी."

"रोज हाक मारली की तुमी काय म्हणायच्या?"

"थांब, येते म्हणायचे."

"मग त्या दिवशीबी तेच म्हणल्या. हाक रोजची होती वहिनी. तुमी रोजच्यासारखंच बोललात. तुमाला काय ठाऊक, त्या दिवशी काय होणार हाय?"

शोभा रडली ते असं रडली की दवाखान्यातले शिपाई दारात जमा झाले. मॅडमनी त्यांना हातानंच जा म्हटलं. मग ओआरएस कालवून ग्लास शोभापुढं धरला, आणि शोभानं तो उजव्या हातानं घेतला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिनं घरी भाकरी केली, जाडजूड, एका बाजूनं करपलेली. आम्ही दोघांनी ती न बोलता खाल्ली. आता करते ती भाकरी. मात्र कूलर आमच्या घरात पुन्हा आला नाही, आणि मयूरीची आठवण आल्याशिवाय एक दिवस जात नाही. बरं होणं म्हणजे विसरणं असं मला वाटायचं. ते तसं नसतं, हे मॅडममुळं कळलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी खिल्लारे मॅडम गेल्या. पुसेगावला एक पोरगी घराबाहेर पडायची बंद झाली होती, तिच्याकडं त्या सुट्टीच्या दिवशी स्कूटीवर जायच्या. तिकडून परत येताना मागून ट्रकनं उडवलं. दिवस मावळायचा होता. बातमी मला दुकानातच कळली. मी शटर ओढलं आणि घरी गेलो. शोभाला कसं सांगावं या विचारात होतो, पण तिनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं.

आम्ही कळमनुरीला गेलो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली कौसाबाई बसली होती, वाळून एवढीशी झालेली. बाया येत होत्या, गळ्यात पडत होत्या, डोळे पुसत होत्या आणि विचारत होत्या. डोक्यात हेल्मेट नव्हतं का? एकटी कशाला गेली? तू जाऊ कशी दिलीस? म्हातारी एकेका शब्दानं सांगत होती. मधेच तिचं बोलणं अडायचं, मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी शोभाकडं पाहिलं. ती उठली होती. अंगणातली खुर्ची तिनं दारात आणून ठेवली आणि पदर सावरून बसली.

पुढची बाई आली तेव्हा शोभानं तिला दारातच थांबवलं. "कसं झालं ते मला विचारा," ती म्हणाली, "त्यांना नका विचारू." आणि तिनं सांगितलं, चार वाक्यांत. पुढच्या बाईलाही तेच, तेवढंच. तुम्ही कोण लागता तिच्या, असं कुणीतरी विचारलं, तर शोभा म्हणाली, त्या माझ्या घरी अशाच बसल्या होत्या.

दुकान बंद ठेवून आम्ही रोज जात राहिलो. मरणानंतरचा जलदानाचा कार्यक्रम झाला, पाव्हणे पांगले. आम्ही निघायच्या बेतात होतो तेव्हा कौसाबाई आतून हळूहळू दारापर्यंत आली. शोभाकडं बघत उभी राहिली. म्हणाली, "माझा मालक गेला तवा असं कोणी बसलं न्हाई गं माय." मग म्हणाली, "कशी मेली ते सगळ्यांनी विचारलं. लहानपणी कशी होती ते सांगू का तुला? बापावानी हसायची बघ. तिचा बाप लई हसरा होता."

शोभानं आपली दाराजवळची खुर्ची म्हातारीला दिली आणि स्वतः आत सरकून भिंतीला पाठ लावून बसली.

"सांगा मावशी," म्हणाली. "घाई न्हाई."

कळमनुरीहून शेवटची गाडी निघायला अजून अवकाश होता. मी नेहमीसारखा बाहेर जाऊन बसलो.