आमचा समाधानी वॉर्ड

नर्सिंगच्या नोकरीत घाणीची किळस पहिल्या वर्षातच मरते. उलटी, पू, सडलेल्या जखमेचा वास, हे सगळं उरकून मी हात धुऊन डबा खाते आणि भाजीत मीठ कमी पडलंय हेही मला कळतं. त्यामुळं ‘मला किळस आली’ असं मी म्हटलं की घरचे चमकतात. ती आली होती, आमच्या वॉर्डाला ‘सर्वात समाधानी वॉर्ड’ म्हणून गुच्छ मिळाला त्या दुपारी.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या मेडिसिन वॉर्डात मी सिस्टर आहे. आमच्याकडं स्टाफचा संडास आहे, पण त्याला कुलूप आहे. आतला पाइप फुटला, दुरुस्ती ‘प्रस्तावित’ झाली आणि तेवढ्यात कोणीतरी मोडके सलाईन स्टँड आणि फाटक्या गाद्या आत कोंबल्या. रिकामी जागा दिसली की तिथं भंगार टाकायचं, हा दवाखान्यांचा धर्मच आहे. पेशंटच्या संडासात नातेवाईक भांडी घासतात, पोरांना आंघोळी घालतात, आणि बाकी काय काय करतात ते न लिहिलेलं बरं. उरला ओपीडीचा. तो इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. भरलेला वॉर्ड एकटीच्या गळ्यात टाकून तिथवर जाणार कोण? म्हणून आम्ही साधा उपाय काढला होता. ड्युटीवर पाणीच प्यायचं नाही. या शहरात नळ कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळं पाणी राखून वापरायची सवय घराघरात आहे. आम्ही ते पोटातही राखायला शिकलो.

आमच्यात एक नवी सिस्टर होती, कंत्राटावरची. खुलताबादहून एसटीनं यायची. घरून निघतानाच तिचं पाणी बंद व्हायचं, ते परत घरी पोचेपर्यंत. तिला लघवीची जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, पंधरवड्यात परत तेच. मी एकदा तिच्यावर ओरडले, “अगं, सिस्टर ना तू? पाणी पी की!”

“पिते की ताई. पन मग जाऊ कुठं?” ती म्हणाली.

तेवढ्यात तो सर्व्हे आला. क्वालिटी विभागाचे साहेब आले, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कर्मचाऱ्यांचं कामावरचं जगणं कसं आहे ते मोजायचंय म्हणाले. मोजणार म्हणजे काय, तर कागदावर वाक्यं छापलेली आणि प्रत्येकापुढं ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच चौकोन. ‘माझ्या कामाच्या ठिकाणी मूलभूत सुविधा समाधानकारक आहेत’ हे त्यातलंच एक. साहेबांनी दोनदा बजावलं, “नाव लिहायचं नाही. अगदी खरं लिहा. ज्या विभागाचे गुण सगळ्यात कमी, तिथली दुरुस्ती आधी.”

साहेब गेले आणि आमच्या चेहऱ्यांवर तेज आलं. मावशी, म्हणजे आमची आया, कुलपाकडं बघून म्हणाली, “आता गाद्या कुठं ठिवायच्या ते बघून ठिवा बाई.” नवी सिस्टर खुदकन हसली. ती हसलेली मी कितीतरी दिवसांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी इनचार्ज सिस्टर कागद गोळा करायला बसल्या. बाई वाईट नाहीत, पण मेमोला यमासारखं भितात. आमच्या वॉर्डातून बिनसहीचा कागद बाहेर जात नाही. इंजेक्शन दिलं, टाका सहीऐवजी आपला कर्मचारी कोड. चादर बदलली, टाका कोड. तोच हात इथंही चालला. “कोपऱ्यात आपापला कोड टाका गं,” त्या म्हणाल्या, “नाहीतर कोणाचा राहिला ते मला कसं कळायचं?”

मी म्हटलं, “मॅडम, नाव द्यायचं नाहीये यात.”

“नाव कुठं मागतेय मी? कोडच तर मागतेय.”

झालं. सगळ्याजणींनी आपले कागद परत ओढून घेतले. नवा कागद, नव्या खुणा. नव्या सिस्टरचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. ‘मूलभूत सुविधा’च्या पुढं तिनं माझ्या डोळ्यांदेखत ‘पूर्णपणे सहमत’वर बरोबरची खूण केली. तेव्हाही तिच्या अंगात कणकण होती. मी माझं ‘असहमत’ तसंच ठेवलं, कोड टाकून ठेवलं. माझी पेन्शन पक्की आहे, त्यात शौर्य काही नाही. आणि एकटीच्या खऱ्यानं सरासरीचं काय वाकडं होणार होतं?

निकाल लागला. आमचा वॉर्ड पहिला! हॉलमध्ये कार्यक्रम झाला, समोसे होते, भाषण होतं. आमच्याकडून ‘कामातला आनंद’ सगळ्यांनी शिकावा असं साहेब म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्याच सिस्टर होत्या, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या. मला त्या समोशाची, त्या गुच्छाची, आम्हा सगळ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांची शिसारी आली. इतक्या वर्षांत कुठल्याही जखमेला मी नाक मुरडलं नाही, पण तिथून उठून बाहेर आले. सगळ्यात कमी गुण मिळाले होते हिशेब विभागाला. तिथं कागद कोणी गोळा करायला बसलंच नाही, पेटीत टाकून मोकळे. एसी गार करत नाही, असं त्यांनी खरंखरं लिहिलं. त्यांना नवा एसी आला, आणि दुरुस्तीवाले आलेच आहेत म्हणून त्यांच्या चालू संडासाला नव्या फरश्याही लागल्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

प्रमाणपत्राची चौकट आमच्या टेबलामागं लागली. आणि एका सकाळी नवी सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता खाली बसली. अंग भाजत होतं, कमरेत कळ, हातपाय थडथडत होते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. खाट आमच्याच वॉर्डात मिळाली, चौकटीच्या बरोबर समोर. डॉक्टरांनी लिहिलं, भरपूर पाणी, आणि पोटात किती गेलं, लघवी किती झाली, याचं माप ठेवा.

मावशीनं पडदा ओढून भांडं लावलं, काढलं. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. ती गटागटा प्यायली, परत मागितला.

“ताई,” ती म्हणाली, “ह्या वॉर्डात पोटभर पानी आज पहिल्यांदा पिले बगा.”

मी भांड्यातलं माप पाहिलं, चार्टवर लिहिलं आणि सवयीनं कोपऱ्यात माझा कोड टाकला.