फ्रिजपुढचा पाट

करी रोडच्या आमच्या खोलीत आई फ्रिज उघडायची ती पाटावर उभी राहून. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, फ्रिजपुढे कायमचा टाकलेला. बाबा गेल्यानंतर केव्हातरी तो तिथे आला. मी तोवर दादरला राहायला गेले होते. येता-जाता मला तो दिसत असे, पण त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. ते माझ्या दुसरीतल्या मुलीने विचारलं.

"चावतो गो जरा," आई म्हणाली. "पाटावर उभं राहिलं की नाही चावत. तूपण पाटावरूनच उघड."

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी आजीकडे राहणार होती. आईने कैऱ्या आणून ठेवल्या होत्या, पत्त्यांचा नवा कॅट घेतला होता. सुट्टीतलं मूल दिवसभरात किती वेळा फ्रिज उघडतं, आणि त्यातल्या किती वेळा मोरीतून ओल्या पायांनी येतं, हे मला माहीत होतं. मी आईला सांगितलं, वायरिंग तपासल्याशिवाय तिला इथे ठेवणार नाही.

आई म्हणाली, "वायरिंग ह्यांनी केलंय. त्याला काय झालंय?"

बाबा गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. खोलीतल्या वायरिंगच्या लाकडी पट्ट्या त्यांनी स्वतः मारल्या होत्या. लहानपणी ते मला बोर्ड उघडून दाखवत, अर्थात मेन स्विच बंद करून. व्होल्टेज म्हणजे काय, हे त्यांनी चाळीच्या नळावर समजावलं होतं. पाइपात पाणी तळमजल्यालाही असतं आणि तिसऱ्या मजल्यालाही. ते वर चढतं की नाही, हे दाबावर. तो दाब म्हणजे व्होल्टेज. सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांपैकी एकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. वरच्या मोठ्या छिद्राला एरवी काही काम नसतं. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला माणसाऐवजी जमिनीची वाट दाखवायची, एवढ्यासाठी ते असतं. "त्याला अर्थिंग म्हणतात. ते काम करतंय तोवर कोणाला त्याची आठवण येत नाही," ते म्हणायचे.

त्यांची दुसरी शिकवण हाताची होती. शंका असेल तर यंत्राला मुळात हात लावायचा नाही. लावावाच लागला तर उलटा लावायचा. झटका बसला की बोटं आत वळतात. तळहात लावला असेल तर ती पत्रा धरून बसतात, उलटा असेल तर हात सुटतो.

"बिल्डिंग पाडणारच आहेत," आईने दुसरं कारण काढलं. "नव्या घरात नवं वायरिंग असेल."

"कधी पाडणार?"

"ते तुझ्या लग्नाच्या आधीपासून पाडतायत."

यावर तिलाच हसू आलं आणि मी वायरमन बोलावला.

त्याने टेस्टर फ्रिजच्या हँडलला लावला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला. मग त्याने वायरला जोडलेला बल्ब सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांत लावला. तो लख्ख पेटला. एक टोक काढून वरच्या मोठ्या छिद्रात घातलं, तर बल्ब लागला नाही.

"मावशी, अर्थिंग डेड आहे."

"असं कसं? हिरवी तार आहे की. ह्यांनी घातलेली."

तार होती. बोर्डामागून निघून ती पट्टीच्या कडेने सरळ मोरीपर्यंत गेली होती. वायरमन तिच्यामागे गेला. मोरीच्या भिंतीत नळाचा जुना लोखंडी पाइप होता आणि त्याला तार पितळी पट्टीने आवळलेली होती. त्या काळी चाळीत अर्थिंग असंच करत. लोखंडी पाइप जमिनीत गेलेला असायचा, म्हणून वीजही त्यातून जमिनीत जायची. शेजारच्या काकूंना नळ कधीकधी झिणझिण्या आणायचा, तो याच सोयीमुळे.

पण आता नळ होता प्लॅस्टिकच्या पाइपावर. जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा भिंतीत राहिला होता, दोन्हीकडून कापलेला. बाबांची तार त्या तुकड्याला घट्ट बांधलेली होती आणि तुकडा कुठेच जोडलेला नव्हता.

"पाइप बदलले तेव्हा हा एवढाच का ठेवला?" वायरमनने विचारलं.

आई मोरीच्या उंबऱ्यावर उभी होती. "मीच सांगितलं प्लंबरला," ती म्हणाली. "ह्यांची तार आहे, तिला हात लावू नको म्हटलं. बाकी सगळं काढ." मग म्हणाली, "तेव्हापासूनच चावायला लागला. मला वाटलं, म्हातारा झाला फ्रिज."

आईने पदराने पाइपाच्या तुकड्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "काढ बाबा. पोर यायचीय."

खालच्या मीटर रूममध्ये इमारतीचं अर्थिंग होतं. तिथून नवी हिरवी तार वर आली. फ्रिजच्या मागे एका वायरचं कव्हर घासून पत्र्याला लागत होतं, ती बदलली. मेनपाशी एक नवं स्विच बसलं, वीज भलतीकडे वळली की आपोआप पडणारं.

"जरा काय झालं की पडणार?" आईने विचारलं.

"हो, मावशी."

"म्हणजे हिच्यासारखंच रुसकं." हे माझ्याकडे बघून.

बाबांच्या लाकडी पट्ट्या निघाल्या, पण मोरीतला तुकडा आईने आधी ‘काढ’ म्हणूनही काढू दिला नाही. आता त्याला तार नव्हती, धोका नव्हता. मीही हट्ट धरला नाही.

वायरमनने टेस्टर पुन्हा हँडलला लावून दाखवला. दिवा लागला नाही. तो गेल्यावर आईने पाट पायाने बाजूला सारला. फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि उजवा हात उलटा करून फ्रिजच्या दाराला लावला, मुलाचा ताप बघताना कपाळाला लावतात तसा. बराच वेळ तिने तो तसाच ठेवला.

"नाही चावत," ती म्हणाली.

मुलगी आली त्या दुपारी आईने पाट धुऊन पुसून भिंतीशी मांडला होता.

"यावर चढायचं ना, आजी?" मुलीने विचारलं.

"चढायचं नाही. बस त्यावर," आई म्हणाली. "पान वाढते."